गोष्टीतली श्रीमंत बाई

मेथी निवडताना हाताला वास लागला, की आमच्या बंगल्यात वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी, अवसरीच्या कॉलेजातली ती मुलगी आठवते. यांनी मंचरला दुसरी बाई ठेवली होती, म्हणून त्या दिवशी भाऊ मला कायमचं माहेरी न्यायला आला होता. पिशवी भरून झाली होती. एसटीला वेळ होता, म्हणून मी मेथी घेऊन बसले. ती मुलगी शेजारी बसून अमेरिकेतल्या एका जुन्या कादंबरीची गोष्ट सांगत होती. एका गरीब पोरानं आवडत्या बाईसाठी अमाप पैसा कमावला, पण तिचं लग्न आधीच एका श्रीमंताशी झालेलं, आणि तो नवरा बाहेरख्याली. "मग ती नवऱ्याला सोडून गेली का?" मी हळूच विचारलं. "कुठलं काकू, राहिली तिथंच." सासूबाई आतून हसल्या, "शहाणी व्हती! एवढं सोनंनाणं टाकून कोण जातंय? आन् ही तरी कुठं जातीय!" भाऊ म्हणाला, "ताई, ऊठ." मी उठले, पण चहा टाकायला. चहा पिऊन तो एकटाच गेला. आता त्या खोलीत दुसरी मुलगी राहते. गोष्टीतल्या त्या बाईचे पुढचे दिवस त्या घरात कसे गेले, हे विचारायचं मात्र राहूनच गेलं.