बांधावर कुणीतरी

गेल्या महिन्यात रास अल खैमाहून लसूणघास घेऊन येणारी लॉरी दुबईत, देऱ्यातल्या वडिलांच्या दुकानापाशी थांबली. ड्रायव्हर एरवी हाका मारत उतरायचा. त्या दिवशी गाडीतच बसून राहिला... "तुझा मामू गेला रे. तापाने. काल माती दिली."

मामू माझ्या आईचा भाऊ. कॉलेजात जाणारा आमच्यातला मी पहिला, म्हणून त्याच्याबद्दल मीच लिहावं असं वडील म्हणाले. नीट जमेल की नाही, ठाऊक नाही.

मागच्या सुट्टीत रत्नागिरीहून आलो तेव्हा त्याच लॉरीतून, ओहोटीच्या ओल्या वाळूवरून, मी मामूकडे गेलो होतो. तिथल्या अरबाबाचं, म्हणजे मालकाचं, खजुरांखालचं घासाचं शेत मामू आणि साताऱ्याचे शिवरामआबा सांभाळत. घासाला जांभळी फुलं येऊ लागली होती. फुलावर गेला की काडी निबर होते, बकऱ्या तोंड लावत नाहीत. पुन्हा असं झालं तर परतीच्या बोटीत बसायचं, असं अरबाबाने मामूला बजावलं होतं. मामूला रात्र रात्र झोप नव्हती, तरी त्याचा हात विळ्याकडे जाईना.

"कुणी बघून गेल्याशिवाय कसा कापू?"

"अवो मामू, हितं कोण खोत बसलाय?" आबा हसले. "आमच्याकडं सारा भरला की रान आपलं. तयार झालं की कापायचं. तुमचं कोकणच निराळं बघा!"

निराळंच होतं. इंग्रजी अमलात आमच्या गावची जमीन खोताची. त्याचा माणूस बांधावर उभा राहून पिकाचा अंदाज करी, ती अभावणी. तोवर कुळाने भाताला विळा लावायचा नाही. मामूच्या बापाने एकदा पावसाच्या धास्तीने आधीच कापलं, आणि बिऱ्हाड उचलून गाव सोडावं लागलं. पुढे कायद्याने खोती गेली... मामूच्या हातांतून गेली नाही.

"तू शिकलेला," तो मला हळूच म्हणाला, "जरा बांधावर उभा राहा ना." मला कसंतरीच झालं. माझ्याच मामूचा मी खोत? पण उभा राहिलो. "काप, मामू," म्हणालो. तो वाकला आणि सपासप कापत सुटला. मी परतल्यावर ते काम आबांकडे गेलं. शिव्या देत, पण दर कापणीला ते बांधावर चढत.

परवा तिथे गेलो. फुलं पुन्हा येऊ लागली होती, आणि आबा विळा घेऊन घासात नुसतेच उभे.

"आबा, कापत का नाही?"

"बांधावर कुणीच न्हाई रं पोरा... हात उचलंना."

मामूचा विळा खजुराच्या खोडाला अडकवलेला होता. मी बांधावर चढलो नाही. तो विळा काढून घेतला आणि आबांच्या शेजारी वाकलो. घास कापून होईपर्यंत आम्हा दोघांचीही मान राहून राहून बांधाकडे वळत होती.