मेथीची जाड जुडी

बैलबंडीवरून पडून बाबांचा पाय मोडला, म्हणून ते अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात होते. हाड जुळलं होतं, आता रोज चालायचं होतं. पण मायने धरल्याशिवाय ते पाऊल टाकत नसत. कंपाउंडरवर आणि कुबडीवर त्यांचा भरवसा नव्हता. अशात शहरात कॉलरा शिरला आणि घरच्यांना वॉर्डात यायची बंदी झाली. बंदी बरोबरच होती, हे आज कळतं. तेव्हा मी फाटकाला लाथ मारली होती. बाबांनी तर पलंगच धरला.

दुसऱ्या दिवशी माय मेथीची टोपली घेऊन बाबांच्या खिडकीसमोर, कुंपणाबाहेर बसली आणि बाजाराच्या जुड्या बांधू लागली. बाबांची जुडी बोटभर असायची, पण पानं अशी फुलवलेली की गिऱ्हाइकाला ती मोठीच दिसे. त्याचा त्यांना भारी गर्व. मायने मनगटाएवढी जुडी बांधली. दुसरी त्याहून जाड.

"अवं, जुडी बांधून राहिली का गाईले चारा?"

बाबा खिडकीचा गज धरून उभे होते. कुबडी पलंगापाशीच.

"ऐकू येत नाही जी," म्हणत मायने टोपली पुढच्या खिडकीसमोर सरकवली. भिंत धरत, शिव्या देत बाबाही तिथे आले. पंधरा दिवसांत वॉर्डाच्या सगळ्या खिडक्या झाल्या.

बंदी उठली. माय आत गेली, तसा बाबांनी पलंगावरूनच हात पुढे केला.

"धर ना मले."

माय दारातच थांबली.

"काहून जी? मेथी आणू काय?"