चौथा बाजार

परिचारिकांना त्यांच्या रोजच्या कामावरच संशोधन करायला मदत करणे ही माझी नोकरी. नांदेडला सांख्यिकी शिकून मी लातूरला आले, तेव्हा ती सोपी वाटली होती.

पहिला प्रकल्प मुरुडजवळच्या एका उपकेंद्रातल्या सिस्टरांचा. रक्तदाबाचे रुग्ण दर महिन्याला पुन्हा तपासणीला यावेत, एवढाच त्यांचा प्रश्न. निवृत्ती जवळ आली होती. "सारी उमर वरच्यांचे तक्ते भरले," त्या म्हणाल्या. "जायच्या आधी लातूरच्या नर्सांच्या संशोधन परिषदेत एकदा स्वतःचं मांडायचंय."

त्या रुग्णांना सांगत, "चौथा बाजार झाला की दुसऱ्या दिवशी या." आठवडी बाजार हे कालमापनाचे एकक? मी तत्परतेने छापील कार्डे केली आणि त्यांवर ठळक तारीख घातली. अंतर तेच, अठ्ठावीस दिवसांचे, फक्त शास्त्रीय.

महिन्याभरात, पूर्वी नेमाने येणारेही येईनासे झाले.

"कार्ड लई देखणं हाय, मॅडम," सिस्टर एवढेच म्हणाल्या.

आम्ही घरोघर गेलो. एका आजींनी देवाच्या तसबिरीमागून कोरे करकरीत कार्ड काढले. मी विचारले, "वाचता येत नाही का, आजी?"

"येतं की! पण आज कोणती तारीख हाय, ते कोणी सांगावं? बाजार असला की सारं गाव सांगतं, माय."

"पण कितवा बाजार, ते तुमच्या ध्यानात ऱ्हात न्हाई," सिस्टरांनी टोमणा मारला.

"हाव, ते बी खरं."

परतताना सिस्टरांनीच तोडगा काढला. कार्डावर तारखेखाली चार गोल. बाजाराहून आले की एक खोडायचा, चारही खोडले की दुसऱ्या दिवशी उपकेंद्रात यायचे. पुढच्या महिन्यांत नोंदवहीचे रकाने भरत गेले.

परिषदेसाठी मसुदा लिहिताना मी छापील तारखेचा महिना गाळला. सिस्टरांनी चष्मा लावून मसुदा वाचला.

"आपला पडलेला महिना कुठं गेला?"

"तो असला तर निवड होणार नाही, सिस्टर."

"न्हाई तर न्हाई. पण नुसत्या तारखेनं जमलं न्हाई, हे लपवलं, तर गोलांनी काय केलं ते कळावं कसं?"

विज्ञानाची पदवी माझ्याकडे होती. मी महिना निमूटपणे परत घातला आणि पंधरा दिवस निकालाची धास्ती घेऊन वावरले. निवड झाली.

परिषदेत सिस्टरांचा आवाज पहिल्या वाक्याला कापला, दुसऱ्याला नाही. शेवटी एका परीक्षकांनी विचारले, "नुसत्या तारखेची कल्पना कोणाची होती?"

सिस्टरांनी मंचावरून थेट माझ्याकडे बोट दाखवले. "त्या नांदेडच्या मॅडमची. हुशार हायत, अजून शिकून राहिल्यात."

सभागृह हसले. मी उभी राहून नमस्कार केला. वेळ संपल्याची घंटा वाजली, पुन्हा वाजली. सिस्टर मात्र ध्वनिक्षेपक सोडायला तयार नव्हत्या.