ओयदिन आपाची उभी चूल

नोर्मत उस्ता हल्ली चहाखान्यात बसून जे सांगत सुटलाय, ते मी आता ऐकून घेणार नाही. परगावचा कुणी आला की हा मिशीवरून हात फिरवतो आणि म्हणतो, "उभ्यानं रांधायची चूल या गावात पहिल्यांदा कुणी आणली? या हातांनी!" आणि हात वर करून दाखवतो. हात त्याचेच आहेत, मान्य. गवंडी म्हणून पंचक्रोशीत त्याला तोड नाही, हेही मान्य. पण ती चूल ओयदिन आपाची, आणि या हातांनी आधी काय केलं असेल तर ती मोडली. मी आपाच्या शेजारी राहतो. गावच्या शाळेत जेवढं शिकलो तेवढ्या अक्षरांत सगळं लिहून ठेवतोय, म्हणजे उद्या मी नसलो तरी या माणसाला मिशीवरून हात फिरवताना जरा विचार करावा लागेल.

आपाचं अंगण आणि आमचं अंगण यांच्या मधे एक मातीची भिंत. भिंतीवरून आमच्या जर्दाळूची फांदी तिच्याकडं गेलीय. त्या फांदीवरचे जर्दाळू कुणाचे, यावरून माझी बायको खालनिसा आणि आपा लग्न होऊन आल्यापासून भांडतायत, आणि दर उन्हाळ्यात त्याच जर्दाळूंचा मुरंबा एकमेकींना पाठवतायत. आपा बुटकी. माझ्या खांद्यालाही लागत नाही. तरुणपणी ती सामुदायिक शेतीवर ट्रॅक्टर चालवायची. पहिल्या दिवशी मुकादम सगळ्यांदेखत हसला होता. "तुझा पाय तर क्लचला पोचत नाही. घरी जा, पाय लांब करून ये!" दुसऱ्या सकाळी आपा तुतीच्या लाकडाचा एक ठोकळा घेऊन आली, तारेनं क्लचच्या पट्टीला बांधला, आणि मुकादमाच्या टोपीवर धूळ उडवत निघून गेली. पुढं ट्रॅक्टर बदलले, मुकादम बदलले, ठोकळा तोच राहिला. मी विचारलं होतं, तर म्हणाली, "दादा, मी काही आता वाढणार नाही. यंत्रानंच माझ्याएवढं व्हावं."

त्या ट्रॅक्टरच्या लोखंडी बैठकीनं तिची कंबर खाल्ली. नवरा वारल्यावर ती एकटीच राहायची, आणि वाकली की तिथंच अडकायची. आता आमच्या चुली कशा, तर जमिनीलगत, कढई गुडघ्याच्याही खाली. गॅस आहे म्हणा, पण थंडी पडली की त्याची ज्योत काजव्याएवढी होते. मग कपाशीच्या काड्या आणि चूल, हेच खरं. एकदा आपा चुलीशी वाकली ती सरळच होईना. कढईतलं तेल पेटायला आलं. खालनिसानं भिंतीवरून धूर पाहिला आणि धावली, म्हणून निभावलं.

ही बातमी नमनगान शहरात पोचली. आपाचा मुलगा बोतिर तिथं राहतो. कपाळाला आठ्या घालूनच तो आला.

"आई, बास झालं. कापूस निघाला की मी गाडी घेऊन येतो. तू आता आमच्याकडंच राहायचं. चौथा मजला आहे, पण ऊन छान येतं."

"चौथ्या मजल्यावर तंदूर कुठं लावू? तुझ्या डोक्यावर?"

"तुला भाजायची-रांधायची गरजच काय? सून आहे ना!"

"आणि मी काय करू? खिडकीत बसून कबुतरांशी बोलू?"

"बरं, एकटीनं रांधून खाता येत असेल तर खुशाल राहा इथं. येतं का? सांग."

आपानं त्याच्या पेल्यात चहा ओतला. पोरगा वाईट नाही हो, आई चुलीत जळालेली बघायची नव्हती त्याला, एवढंच. पण आपाचा नवरा याच अंगणात गेला, द्राक्षाचा वेल त्यानं लावलेला. हे घर सोडणं तिला कसं जमणार? बोतिरची गाडी वळणाआड गेली आणि आपानं अंगणापलीकडच्या स्वयंपाकघरात जाऊन जुन्या चुलीत पहार घातली. चूल कंबरेएवढी उंच बांधायची, नळ तिथंच, फळी तिथंच, कशासाठी म्हणून वाकायचं नाही. चूल झाली तर ती इथं राहणार होती. नाही झाली तर चौथा मजला.

आधी ती रीतसर नोर्मतकडंच गेली होती. तो काय म्हणाला? "आपा, चूल म्हणजे काय रेडिओ आहे, फळीवर ठेवायला?" चहाखाना हसला. मीही तिथं होतो, मला हसू आलं नाही. आपा म्हणाली, "बरं," आणि घरी आली.

मग अख्खा उन्हाळा ती एकटी खपली. नातवाच्या जुन्या बाबागाडीतून विटा आणायची, टेबलावर रचून ठेवायची, म्हणजे उचलताना वाकायला नको. खालचे थर गाय दोहायच्या स्टुलावर बसून घातले, वरचे उभी राहून. मातीत भुसा घालून चिखल पायांनी तुडवायची, त्याला कंबर लागत नाही. मी भिंतीवरून डोकावायचो.

"आपा, वाकडी जातेय."

"तुमची मान वाकडी आहे, दादा. चहा झालाय, या."

शाळा पाडली तेव्हाच्या रंगीत फरश्या तिनं जमवून ठेवल्या होत्या, निळी, हिरवी, एक तुटकी पिवळी. त्या तिनं चुलीच्या तोंडाभोवती अशा बसवल्या की खालनिसा पाहून आली आणि दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. "चाळीस वर्षं संसार केला, मला कुणी एक फरशी लावून दिली नाही!" घ्या! चूल आपाची, बोलणी मला.

पण एक घोटाळा झाला. तोपर्यंत चिखलाचा खड्डा अंगणात वेलाखाली होता. द्राक्षं पिकली, गळू लागली, चिखलावर गांधीलमाश्या घोंघावायला लागल्या. एक मोठी माशी तिच्या घोट्याला चावली. म्हणून आपानं शेवटच्या लिंपणाचा चिखल फाटकाबाहेर गल्लीत कालवला, भुसा टाकला आणि मुरायला रात्रभर ठेवला. आता आमच्या गावात फाटकाबाहेर चिखल म्हणजे आमंत्रण. चिखल घरात असेल तर काम घरचं. गल्लीत आला की इर्जिक. मग ज्याला दिसेल त्यानं फावडं घेऊन यायचं, बोलवायची वाट पाहायची नाही, मजुरी घ्यायची नाही. घरच्यांनी पुलाव घालायचा आणि जेवल्याशिवाय कुणी उठायचं नाही. माझंही घर असंच उभं राहिलंय. चांगली रीत आहे, तिला मी नावं ठेवत नाही. पण रीत आंधळी झाली की तिच्यासारखा दांडगा प्राणी नाही.

दुसऱ्या दिवशी आपा सकाळीच रिश्तोनला कुंभाराकडं गेली. हात धुवायचं निळ्या झिलईचं घंगाळ तिनं बनवून घेतलं होतं, ते आणायला. आणि आम्ही दोघं नातवाच्या पाळण्याला शेजारच्या गावी. दुपारी परत आलो तर फाट्यावर आपा टॅक्सीतून उतरत होती, गोधडीत गुंडाळलेलं घंगाळ पोटाशी धरून. मी ते घेतलं. ती हसत होती. "दादा, एवढं बसवलं की झालं. बोतिर आला की त्याच्यासमोर उभी राहून पुलाव करणार. उभी राहून!"

फाटक उघडं होतं. वेलाखाली गल्लीतली आठ-दहा माणसं चिखलानं माखून बसलेली. आपाला बघून सगळे उठले, नोर्मत सगळ्यांत पुढं. आता शाबासकी मिळणार, असा चेहरा.

"आपा, न सांगता इर्जिक काढता होय? आम्ही काय मेलो होतो?"

आपा स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग. उभी चूल नव्हतीच. जमिनीलगत नवी ओली चूल, गुळगुळीत, सुबक, नोर्मतच्या हाताची. रंगीत फरश्या कोपऱ्यात ढिगानं पडलेल्या. नळाचं वरचं भोक बुजवून खाली नवं पाडलेलं, आणि फळी? ती वर नेली होती! चूल तिच्या गुडघ्याखाली आणि फळी तिच्या डोक्यावर. या घरात कोण राहतं, हे आठ-दहा जणांत एकालाही आठवलं नाही.

"नोर्मत, माझी चूल कुठाय?"

"हीच की! तुमची फार वर गेली होती, आपा. त्यात तुमची चूक नाही. बिचारी एकटी बाई, अंदाज येत नाही. आम्ही उतरवली खाली."

बिचारी! ट्रॅक्टर चालवत होती तेव्हा हा नोर्मत नाकातला शेंबूड पुसत तिच्यामागं पळायचा. माझ्या तोंडात शिवी आली. आपानं माझी बाही धरली.

"बसा सगळे," ती बाहेर येऊन म्हणाली. "रोटी घ्या, चहा घ्या. जेवल्याशिवाय कुणी जायचं नाही."

"अहो, जातोय कुणीकडं!" होशिम म्हणाला. हा किडकिडा होशिम कामाला मागं आणि ताटाला पुढं.

आपा आत गेली. मग आतून आवाज आला. धप्प. पुन्हा धप्प. नोर्मत धावला.

"आपा! ओलं काम आहे!"

"म्हणूनच आता. वाळल्यावर जास्त जोर लागेल."

"इर्जिकीचं काम मोडतात का कुणी?" होशिम दारातून ओरडला.

"मोडतात ना. सकाळी तुम्ही मोडलंत. मी अख्खा उन्हाळा केलं ते काय होतं, होशिम? काम नव्हतं? की बाईनं केलं म्हणून माती?"

 गावात असं घडलं नव्हतं. इर्जिकीवर रागवायचं नाही, ही रीत. न जेवता उठायचं नाही, हीही रीत. आता जेवण चुलीशिवाय होईना, आणि चूल आपा मोडून बसलेली. बसा!

"दादा, विटा द्या," ती म्हणाली. मी देत गेलो. दोघं-तिघं मदतीला उठले.

"पाहुण्यांनी बसायचं."

उन्हं कलली. रोट्या संपल्या. खालनिसा वेलाखाली पिवळी गाजरं चिरत बसली होती. मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "गाजरं तयार, तांदूळ भिजलाय, मांस कापलंय! चूल तेवढी राहिलीय हो!" होशिमनं द्राक्षांचा तिसरा घोस संपवला.

शेवटी नोर्मत उठून दारात आला.

"आपा, तो थर वाकडा जातोय."

"जाऊ दे."

"मला बघवत नाही."

"मग डोळे मीट."

बाहेर कुणीतरी फिसकन हसलं. नोर्मत लालबुंद झाला, पण गेला नाही. चौकटीला टेकून बघत राहिला. आपानं एक वीट ठेवली, मग कंबरेवर हात दाबून डोळे मिटून उभी राहिली. श्वास सोडायलाच तयार नाही. ते त्यानं पाहिलं. बहुतेक पहिल्यांदाच पाहिलं.

"बरं," तो हळू आवाजात म्हणाला. "तुम्हीच सांगा. किती उंच?"

आपानं डोळे उघडले. "हे आधी विचारलं असतंस तर, गाढवा, आत्तापर्यंत जेवून घोरत असतास."

ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली, जमेल तेवढी ताठ. नोर्मतनं तंदुरातला कोळसा घेतला, तिच्या कंबरेशी भिंतीवर रेघ ओढली आणि थापी हातात घेतली. मग मात्र त्यानं रेघ सोडून कशाकडं पाहिलं नाही. काम त्याला येतं, ते मी नाकारत नाही. दिवस मावळायच्या आत चूल रेघेला आली, नळ वर आला, फळी खाली उतरली, घंगाळ जागेवर बसलं. फरश्या आपानं स्वतः लावल्या, तिथं त्याला हात लावू दिला नाही.

ओल्याच चुलीवर पुलाव झाला. आपा कढईपुढं उभी, झग्याला हात पुसतेय, झारा हलवतेय, एकदाही वाकली नाही. ताटं आली तशी सगळी मुकाट जेवली. नंतर होशिम बोटं चाटत म्हणाला, "आपा, आज तांदूळ फार मोकळा झालाय हो."

"आज माझं लक्ष तांदळात होतं. रोज कंबरेत असतं."

कापूस निघाल्यावर बोतिर आला. गाडीच्या टपावर सामान बांधायला दोर घेऊनच. आपा स्वयंपाकघरात उभी राहून कांदा परतत होती. तो उंबऱ्यावर बसला, ताटभर जेवला, चुलीकडं पाहिलं, भिंतीवरच्या रेघेकडं पाहिलं. "कंबर?" त्यानं विचारलं. "आहे जागेवर," ती म्हणाली. जाताना त्या दोरानं टपावर भोपळ्याचं पोतं बांधून एकटाच गेला. मी भिंतीवरून बघत होतो. आपानं मला बघितलं आणि झारा उगारला. "काय बघताय? या जेवायला!"

त्यानंतर गावातल्या बायका ती चूल बघून गेल्या, आणि प्रत्येकीनं घरी जाऊन नवऱ्याला ऐकवलं. नोर्मतला आता उभ्या चुलींशिवाय दुसरं काम नाही. खालनिसालाही झाली, फरश्यांसकट. ठीक आहे, बांध बाबा, पोट भर. पण म्हणे "मीच आणली"!

गेल्या शुक्रवारी तो पुन्हा तेच सांगत होता. मी प्याला खाली ठेवला. म्हटलं, "नोर्मत, चल. ऊठ. पाहुण्यांना घेऊन आपाच्या स्वयंपाकघरात जाऊ. त्या कोळशाच्या रेघेपुढं उभा राहून सांग, ती कुणाच्या कंबरेला लागते."

पाहुणे त्याच्याकडं बघायला लागले.

"बसा हो बाबा," तो किटली पुढं ओढत म्हणाला. "चहा निवतोय."