न्हावी बोलावला त्या रविवारी

माझी आई, चंद्राबाई, जन्मात एकदाच दादावर ओरडली. सत्तावन्न साली.

त्या वर्षी बंगळूरभर फ्लूची साथ होती. वसुमतीवहिनी तापातून उठली, चार घास जेवू लागली, आम्ही हुश्श केलं. आणि तीन महिन्यांनी तिचे केस गळायला लागले. गळायला म्हणजे काय, फणी लावली की मूठभर हातात! उशीवर केस, भातात केस. डॉक्टर म्हणाले, तापानं होतं असं, येतील परत. पण धीर कुणाला? शेजारच्या प्रेमाक्का रोज सांगायच्या, एकदा वस्तऱ्यानं मुळापासून काढा, दाट येतील.

विद्याधरदादा टेलिफोनच्या कारखान्यात इंजिनिअर. यंत्रात हुशार, माणसांत अगदी ठोंब्या! शनिवारी जेवताना म्हणाला, "उद्या यल्लाप्पा आईसाठी येतोच आहे. वसू, तूही उरकून घे."

वहिनीचा वाढता हात थांबला. सवाष्ण बाई ती! नवरा समोर जिवंत बसलेला, आणि विधवेच्या न्हाव्यापुढे डोकं द्यायचं? मला दादाच्या डोक्यावर आमटी ओतावीशी वाटली. बाबा गेले तेव्हा आई बावीस वर्षांची. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी वस्तरा, आणि डोक्यावर लाल आलवण. त्याबद्दल तिनं कधी चकार शब्द काढला नव्हता.

सकाळी यल्लाप्पा परसात येऊन वस्तऱ्याला धार लावू लागला. दादानं हाक मारली. वहिनी मुकाट्यानं पाटावर बसली, अंबाडा सोडला. अंबाडा कसला, लिंबाएवढी गाठ! मी दारात उभी राहून रडत होते.

"सरी अम्मा, स्वल्प, थोडी मान खाली," यल्लाप्पा म्हणाला.

तेवढ्यात आई पिठाच्या हातांनी बाहेर आली. "वसुमती, ऊठ!"

"अगं आई, डॉक्टरच म्हणालेत, केस परत..."

"तू गप बस! मलाही असंच चौघांनी धरून पाटावर बसवलं होतं. कुणी विचारलं नव्हतं मला. तू विचारलंस हिला?"

दादाचं तोंड एवढंसं झालं. आईनं वहिनीला दंडाला धरून उठवलं आणि जवळ घेतलं. वहिनी हमसून हमसून रडायला लागली.

यल्लाप्पा गोंधळला. "मग अम्मा, तुमचं?"

आईनं आलवण मागे सारलं. डोक्यावर पांढरे खुंट दिसत होते. पीठ लागलेला हात तिनं त्यांवरून फिरवला.

"माझंही राहू दे," ती म्हणाली. "आता आम्ही दोघी वाढवणार."