मुसळमामींचं ग्रहण

अनोळखी माणूस ही गोष्टच मुसळमामींना मान्य नव्हती. लिफ्टमध्ये पहिल्यांदा भेटल्या, तेव्हा नाव विचारायच्या आधी त्यांनी मला विचारलं, "जेवलास का रे?" तेही चक्क मराठीत! मला फोनवर बायकोशी वाद घालताना त्यांनी ऐकलं होतं म्हणे. तमिळ मुलखातल्या पेरुंगुडीच्या त्या इमारतीत तोवर वॉचमनशिवाय कुणी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मामी मूळच्या तंजावरच्या. त्यांचं मराठी जुन्या वळणाचं, तमिळ हेलाचं, लाडानं 'कण्णा', म्हणजे बाळा, म्हणणारं, आणि मला ते भारी गोड वाटायचं.

मुसळमामी हे नाव मात्र मी ठेवलं ते ग्रहणाच्या दिवशी. त्या सकाळी मी गच्चीवर गेलो तो मोठ्या थाटात. नवी लेन्स, ट्रायपॉड, आणि लेन्सवर चिकटपट्टीनं डकवलेली, सूर्याकडे बघायची खास फिल्म. "फोटो बघाच!" अशा बढाया ऑफिसात आठवडाभर मारून झाल्या होत्या. गच्चीवर जमलेल्यांपैकी मी कुणालाच ओळखत नव्हतो, पण फिल्म एकट्या माझ्याकडे, त्यामुळे सगळे एकदम प्रेमात आले. एकानं माझ्या डोक्यावर छत्री धरली, एकानं ट्रायपॉडचा पाय. मीही शास्त्रज्ञाचा आव आणून काहीबाही सांगत होतो. खरं तर सूर्य मला कॅमेऱ्यात सापडतच नव्हता. एवढा मोठा सूर्य!

तेवढ्यात मामी आल्या. एका हातात पाण्याची पितळी परात, दुसऱ्या हातात मुसळ. ग्रहण लागलं की मुसळ आधाराशिवाय उभं राहतं आणि सुटलं की पडतं, अशी इकडची समजूत. मामींनी परातीत मुसळ उभं केलं. माझा ट्रायपॉड वाऱ्यानं डुलत होता, मुसळ मात्र ढिम्म. माझं ज्ञान लगेच उतू गेलं. "मामी, बूड सपाट असलं की ते रोजच उभं राहतं हो."

"ठाऊक आहे रे, कण्णा," मामी हळूच म्हणाल्या. "पण रोज मला गच्चीवर कोण सोडतो?"

लहानपणी आईनं, लग्नानंतर सासूनं आणि आता मुलानं, प्रत्येक ग्रहणाला त्यांना दारं लावून घरात बसवलं होतं. एकदा तरी ग्रहण बघायचं, एवढीच त्यांची इच्छा. मुसळाचं निमित्त काढून त्या निसटल्या होत्या. हे त्यांनी मला मराठीत आणि बाकीच्या गच्चीला तमिळमध्ये सांगितलं. "मुलगा यायच्या आत दाखव," म्हणाल्या.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवतो म्हटलं, तर म्हणाल्या, "टीव्ही घरी आहे. मला सूर्य पाहिजे." झालं! नेमका तेव्हाच कुठे सूर्य सापडला होता. लेन्स झाकून मी नखांनी चिकटपट्टी सोलायला लागलो. रडू यायचं तेवढं बाकी होतं.

फिल्म त्यांच्या हातात देतो न देतो तोच जिन्यातून हाक आली, "अम्मा!" मामींचा चेहरा पार उतरला. फिल्म पदराखाली गेली. कुणी कुणाला सांगितलं नाही, पण सगळी गच्ची परातीभोवती हात जोडून उभी राहिली. मीसुद्धा, डोळे मिटून! मुलानं मुसळ पाहिलं, आमचा भक्तिभाव पाहिला, आणि "लवकर ये," म्हणून बिचारा खाली गेला.

मामींनी फिल्म डोळ्यांसमोर धरली. सूर्याची कोर उरली होती. आधी एका डोळ्यानं, मग दुसऱ्या डोळ्यानं त्यांनी ती निरखून पाहिली. मग म्हणाल्या, "एवढंच? ह्याच्यासाठी मला जन्मभर कोंडलं?"

आम्ही पोट धरून हसलो. त्याही हसल्या, आणि हसता हसता रडल्या. फिल्म मात्र हातची सोडली नाही. मी दोनदा मागितली, तर "थांब रे, बाळा!" माझा एकही फोटो निघाला नाही. ऑफिसात मी सगळं ढगांवर ढकललं.

त्यानंतर अमावास्या जवळ आली की मामी लिफ्टमध्ये डोळे मिचकावत विचारायच्या, "पुढचं कधी?"

गेल्या वर्षी मामी गेल्या. मी भेटायला गेलो, तेव्हा गच्चीवरची बहुतेक मंडळी तिथं बसलेली होती. मुलगा सांगत होता, "अम्माचं सोवळं फार कडक. जन्मात कधी ग्रहण पाहिलं नाही तिनं."

खोलीत कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

"कधीच नाही," मी म्हणालो.