पश्चिमेची गॅलरी

“आधी हात काढा, मग बोला.”

गिऱ्हाइकाचं स्वागत ती नर्सरीवाली या वाक्याने करायची. कुणी फुलाला नुसतं बोट लावलं तरी हातातल्या खुरप्याची मूठ शेजारच्या कुंडीवर आपटायची. माणूस दचकायचा आणि हात आपोआप मागे यायचा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याकडून काही घ्यायचं म्हणजे आधी परीक्षा द्यावी लागते.

मखमलाबाद रोडला भाड्याच्या जागेत तिची नर्सरी होती. हिरव्या जाळीखाली सगळ्यात आत हायड्रेंजिया, नारळाएवढ्या गुलाबी गुच्छांचे. तिच्या घरची शेती गुलाब-झेंडूची. हे थंड हवेचं झाड मात्र तिने हट्टाने नाशिकच्या उन्हात जगवलं होतं.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्यापुढच्या बाईंनी ते झाड मागितलं.

“गॅलरी कुठल्या बाजूला?”

“पश्चिमेला.”

“मग नाय देणार. प्लास्टिकची फुलं घ्या. ती मरत नाय.”

बाई तावातावाने निघून गेल्या. माझीही गॅलरी पश्चिमेचीच होती.

“पूर्वेची,” मी म्हणाले.

तिने झाड दिलं. “सकाळचं ऊन चालतं. दुपारी मान टाकली तर पाणी ओतू नका, सांजेला आपोआप उठतं. माती बोटभर खोल कोरडी लागली तरच पाणी.” मी मान डोलावली. फुलं मिळाली होती. पुढचं कोण ऐकतंय?

मार्चमध्ये झाडाने रोज दुपारी मान टाकायला सुरुवात केली. मी पाणी घातलं. संध्याकाळी ते पुरतं उठेना, मी आणखी घातलं. पानं पिवळी पडली. एप्रिलमध्ये फोटो काढून मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘ही नर्सरी रोगट झाडं विकते, वर उद्धटपणा करते. जाऊ नका.’ तो मेसेज एका ग्रुपवरून दुसऱ्यावर फिरत पार कॉलेज रोडपर्यंत गेला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

चार दिवसांनी दुपारी चारला बेल वाजली. ती दारात उभी होती. मेसेज तिच्यापर्यंतही पोचला होता; फोटोत मागे दिसणाऱ्या पाटीवरून तिने सोसायटी शोधली होती, वॉचमनला विचारून फ्लॅटही.

“झाड दाखवा.”

ती सरळ गॅलरीत गेली. ऊन थेट तोंडावर आलं. तिने सूर्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“ही पूर्व हाय का?”

तिने रोप कुंडीतून उपसलं. मुळं काळी पडली होती, गटारासारखा वास आला.

“कुजवलंत. पानं पिवळी आन शिरा हिरव्या, म्हणजे बोअरचं जड पाणी. त्यात हे ऊन. रोगट झाड विकलं व्हय मी?” अजून ताठ असलेल्या दोन फांद्या तिने कापल्या आणि ओल्या रुमालात गुंडाळल्या. “ह्या माझ्या. आता ग्रुपवर खरं लिहा.”

“लिहिते,” मी म्हणाले.

दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. अख्ख्या सोसायटीला कळलं असतं की मी खोटं बोलले.

पुढे मी नर्सरीवरून जायचे तेव्हा फाटकाशी थांबायचे. ती दुसऱ्यांना सांगत असायची, “फुलं वाळली की लगेच छाटा. हिवाळ्यात कात्री लावली तर पुढची फुलंच कापली समजा.” कुणी निळी फुलं मागितली की म्हणायची, “आपल्या काळ्या मातीत गुलाबीच होणार. निळं पायजे तर माती आंबट करावी लागती.” मी ऐकतेय हे दिसलं की आवाज खाली आणायची. आत पाऊल टाकलं तर एकच शब्द, “तुम्हाला नाय.” गिऱ्हाईक पूर्वीसारखं राहिलं नव्हतं, हे मला बाहेरूनही दिसत होतं.

दोन वर्षांनी मी खरं काय ते लिहिलं. तीन अंगठे आले आणि लगेच खाली कुणाचा तरी पाण्याच्या टँकरचा मेसेज. तो मजकूर दाखवायला मी तिच्याकडे गेले. तिने मोबाइल लांब धरून शेवटपर्यंत वाचला.

“चुकले मी, ताई.”

“चूक नाय म्हणायची त्याला. खोटं म्हणायचं.” मोबाइल परत देऊन ती रोपांकडे वळली. मग मी निघाले.

यंदा जानेवारीत गेले तर जाळी उतरवलेली, फाटक उघडं. जमिनीवर कुंड्यांचे गोल ठसे रांगेने उमटले होते, आतल्या बाजूला जरा दाट. समोरच्या टपरीवर चहा सांगितला आणि टपरीवाल्याला विचारलं, नर्सरीवाल्या ताई कुठे गेल्या?

“काय माहीत. कोण म्हणतं पेठकडं भावाच्या वावरात गेल्या. धंदा बसला ना. मोबाइलवर कुणीतरी बाईनं काहीबाही लिहिलं होतं, तवापासून लोक यायचेच बंद झाले.” त्याने माझा ग्लास भरला. “कोण बाई होती, देव जाणे.”

“मी,” मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मग तो ग्लास उचलून शेजारी उभ्या असलेल्या माणसापुढे ठेवला आणि फडक्याने माझ्यापुढची फळी पुसायला लागला.